तांब्याची तार, बर्फ आणि सराफी काटा: सीमेन्सचे रोध-एकक कोल्हापुरात कसे तयार करावे

ओहम हे रोधाच्या, म्हणजे वीज वाहण्यास होणाऱ्या अडथळ्याच्या, एककाचे नाव आता इतके अंगवळणी पडले आहे की, त्याच्या आधीही विजेचा रोध मोजला जात होता आणि त्यासाठी जवळजवळ प्रत्येक तारखात्याचे आपापले माप होते, हे सहसा लक्षात येत नाही. त्या मापांच्या गर्दीत सर्वांत सुटसुटीत माप वेर्नर सीमेन्स यांनी १८६० साली मांडले. एक मीटर लांब आणि सर्वत्र एक चौरस मिलिमीटर काटछेद (आडव्या छेदाचे क्षेत्रफळ) असलेला शुद्ध पाऱ्याचा स्तंभ शून्य अंश सेल्सिअसला जेवढा रोध दाखवतो, तेवढा रोध म्हणजे एक एकक. या व्याख्येत कोणत्याही राजधानीतल्या कपाटात जपून ठेवलेल्या नमुन्याचा उल्लेख नाही. ज्याच्याकडे पारा, काच, तराजू आणि बर्फ आहे, त्याने ते आपल्या गावी तयार करावे, बर्लिनला, म्हणजे सीमेन्स यांना, विचारण्याची गरज नाही, असा त्या मांडणीचा रोख होता.

बारावीच्या मुलांना मीटर ब्रिजचा, म्हणजे एक मीटर लांब तारेच्या साहाय्याने दोन रोधांची तुलना करण्याचा, प्रयोग शिकवताना एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. रोधपेटीवर, म्हणजे ठरावीक रोधांच्या तयार पेटीवर, ‘१’ असे छापलेले असते आणि मुले ते वेदवाक्य मानतात. तो एक कोठून आला, हे कोणी विचारत नाही. म्हणून काही वर्षांपासून मी प्रयोगशाळेत रोधपेटी बाजूला ठेवून, केवळ वजन, लांबी आणि बर्फ यांच्या आधारे सीमेन्सचे एकक तयार करून घेतो. त्याची पद्धत येथे सविस्तर देत आहे. लागणाऱ्या सर्व वस्तू कोल्हापुरात मिळतात. काम सावकाश केल्यास दोन दुपारी लागतात.

आजच्या ओहममध्ये हे एकक सुमारे ०.९४१ ओहम भरते. हा आकडा शेवटी पडताळ्यासाठी उपयोगी पडेल. तोपर्यंत तो वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

पारा का वापरायचा नाही

मूळ कृती पाऱ्याची असली, तरी ती पाऱ्याने करू नये. एकक तयार करायला पारा लागतो अगदी थोडा: एक मीटर गुणिले एक चौरस मिलिमीटर म्हणजे एक घन सेंटिमीटर, आणि शून्य अंशाला त्याचे वजन १३.५९५ ग्रॅम, म्हणजे एका तोळ्याहून थोडे जास्त. परंतु एवढा पारा फरशीवर सांडला, तर त्याचे बारीक मणी फटींत जाऊन बसतात आणि त्यांची विषारी वाफ बंद खोलीत पुढे कित्येक महिने निघत राहते. जुन्या प्रयोगशाळांतून उघड्या वाटीत पारा ठेवलेला मीही पाहिला आहे. ती सवय गेली हे चांगलेच झाले.

तरीही सीमेन्स यांनी पारा का निवडला आणि तो कसा हाताळला, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कृती नीट कळणार नाही. त्याआधीची बहुतेक मापे तारेची होती. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ साली एक फूट लांब आणि शंभर ग्रेन वजनाची तांब्याची तार एकक म्हणून सुचवली. मोरित्स याकोबी यांनी १८४८ साली २५ फूट लांब व ३४५ ग्रेन वजनाची तांब्याची तार घेऊन तिच्या प्रती निरनिराळ्या शास्त्रज्ञांकडे पाठवल्या. फ्रान्समधील तारखाते चार मिलिमीटर जाडीच्या एक किलोमीटर लोखंडी तारेच्या हिशेबाने बोलत असे. तारखात्याला असे माप सोयीचेच होते. कोल्हापूर ते मिरज अशी तार टाकलेली आहे आणि ती मध्येच कोठेतरी जमिनीला टेकली आहे असे समजू. कोल्हापुरात बसून तिचा रोध मोजला आणि तो वीस किलोमीटर तारेएवढा भरला, तर माणूस थेट त्या अंतरावर पाठवता येत असे.

अडचण तांब्याची होती. विल्यम थॉमसन यांनी १८५७ साली बाजारातल्या निरनिराळ्या तांब्याच्या तारा मोजल्या, तेव्हा सारख्याच जाडीच्या तारांच्या वाहकतेत फार मोठा फरक आढळला. भेसळीचे प्रमाण अगदी अल्प असले, तरी तांब्याचा रोध लक्षणीय वाढतो. शिवाय तार ओढली, वाकवली किंवा तापवली की तिचा रोध थोडाफार बदलतो, त्यामुळे दूरवर पाठवलेली प्रत मूळ नमुन्याशी प्रामाणिक राहील याची खात्री देता येत नाही. पारा मात्र द्रव आहे. त्याला वाकवण्याचा वा ओढण्याचा ताण लक्षात राहत नाही, आणि ऊर्ध्वपातनाने तो कोठेही पुन्हा शुद्ध करून घेता येतो.

काचेच्या नळीचे भोक मात्र कधीच सर्वत्र सारखे नसते, आणि येथेच या कृतीतली खरी हुशारी आहे. भोक मोजण्याच्या फंदात न पडता नळीत मावलेला पाराच तोलायचा: वजनाला घनतेने व लांबीने भागले की सरासरी काटछेद मिळतो. पाऱ्याचा एक आखूड तुकडा नळीतून पुढे पुढे सरकवून त्याची लांबी जागोजागी मोजली की भोक कोठे रुंद आणि कोठे अरुंद आहे, तेही कळते. पुढे १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या विद्युत परिषदेने आंतरराष्ट्रीय ओहम ठरवला (ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने पुढच्याच महिन्यात स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, त्याच प्रदर्शनाच्या काळात ही परिषद भरली होती), तेव्हा तिने काटछेदाचा आकडा सांगितलाच नाही. तिने १०६.३ सेंटिमीटर लांबी आणि १४.४५२१ ग्रॅम वजन सांगितले. जाडी मोजण्यापेक्षा वजन करणे नेहमीच अधिक भरवशाचे असते. आपल्यालाही तेच करायचे आहे, फक्त पाऱ्याऐवजी तांबे घेऊन.

तार तोलणे आणि कापणे

थॉमसन यांच्या काळातली तांब्याची अडचण आता बरीचशी दूर झाली आहे. मोटारीच्या वाइंडिंगसाठी मिळणारी एनॅमल (वीज न वाहणारा पातळ लेप) चढवलेली तार विद्युत दर्जाच्या शुद्ध तांब्याची असते, आणि अशा तांब्यासाठी १९१३ साली आंतरराष्ट्रीय मान्यतेने एक प्रमाण ठरले आहे: एक मीटर लांब आणि एक ग्रॅम वजनाच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला ०.१५३२८ ओहम. चांगल्या तारेची वाहकता या प्रमाणापासून एखाद्या टक्क्यापेक्षा जास्त ढळत नाही.

शिवाजी उद्यमनगरात मोटार वाइंडिंगचे सामान विकणाऱ्या दुकानातून २६ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) एनॅमल तार घ्यावी. नवी, रिळावरची तार मागावी. जळालेल्या मोटारीतून सोडवलेली तार स्वस्त मिळते, पण ती तापून, ताणून आणि पुन्हा सरळ करून आलेली असते, आणि तिच्यामुळे सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. २६ गेजची जाडी ०.४५७ मिलिमीटर असते, असे तक्त्यात लिहिलेले असले, तरी त्या आकड्यावर विसंबू नये. जाडीत एक टक्का चूक असेल, तर काटछेदात दोन टक्के चूक होते.

रिळाच्या सुरुवातीची तार सोडून द्यावी आणि नंतरच्या तारेतून बरोबर दोन मीटरचा तुकडा कापावा. तो न ताणता, पण सरळ करून, पोलादी मोजपट्टीवर मोजावा. आता त्यावरचे एनॅमल बारीक पॉलिश पेपरने, हलक्या हाताने, पूर्ण काढावे. २६ गेजच्या तारेवर एनॅमलचे वजन दोन-तीन टक्के तरी असते, आणि वीज एनॅमलमधून वाहत नाही. ते तसेच ठेवून तोलले, तर आपण वीज न वाहणाऱ्या वजनावर सगळा हिशेब उभा करतो. तांबे मात्र खरवडले जाऊ देऊ नये. तार पिवळसर-तपकिरी रंगावरून एकदम गुलाबी दिसू लागली की थांबावे.

मग हा तुकडा गुंडाळून गुजरीत न्यावा. सराफाच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन दिसते आणि एवढी बारकाई आपल्याला पुरेशी आहे. (सराफ कट्ट्यावर दोन मीटर तांब्याची तार तोलायला मागितल्यावर समोरचा माणूस काही क्षण आपल्याकडे पाहतो. सोने तारेत लपवले नसल्याची त्याची खात्री पटली की तो आनंदाने तोलून देतो.) २६ गेजच्या दोन मीटर तारेचे वजन साधारण २.९ ग्रॅम भरते. समजा ते २.९२० ग्रॅम भरले, तर एका मीटरचे वजन १.४६० ग्रॅम होते.

आता किती लांब तार घ्यायची, याचा हिशेब. आपले एकक आपण वितळत्या बर्फात, म्हणजे शून्य अंशाला, तयार करणार आहोत. सीमेन्स यांच्या व्याख्येतलेही तापमान तेच आहे. तांब्याचा रोध २० अंशांच्या आसपास दर अंशाला ०.३९३ टक्क्याने बदलतो, म्हणून २० अंशांवरून शून्यावर येताना तो ७.८६ टक्क्यांनी घटतो, आणि एक मीटर व एक ग्रॅमच्या तारेचा शून्य अंशाचा रोध ०.१४१२ ओहम होतो. ०.९४१ ला ०.१४१२ ने भागले की ६.६६ येतात. म्हणजे नियम इतका साधा होतो: एका मीटर तारेचे ग्रॅममधील वजन गुणिले ६.६६ बरोबर हवी असलेली मीटरमधील लांबी. आपल्या उदाहरणात १.४६० गुणिले ६.६६ म्हणजे ९.७२ मीटर.

येथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल की ०.९४१ हा ओहममधला आकडा वापरून आपण ओहमचाच आधार घेतला. हरकत बरोबर आहे, पण अर्धीच. तांबे आणि पारा यांच्या रोधांचे गुणोत्तर ओहम कितीही मोठा मानला तरी बदलत नाही. ओहम येथे फक्त दोन आकड्यांमधला दुभाषा आहे. मुलांना हे पटवायला मला एक पूर्ण तास लागतो, आणि तो तास वाया गेला असे मला कधी वाटले नाही.

आता त्याच रिळावरची तार कापताना हिशेबापेक्षा दहा सेंटिमीटर जास्त घ्यावी, दोन्ही टोकांची पाच-पाच सेंटिमीटर साफ करून ती जाड तांब्याच्या जोडतारांना डाख देऊन जोडावी, आणि दोन सांध्यांमधली लांबी बरोबर ९.७२ मीटर राहील असे पाहावे. सांध्याबाहेरचे सगळे जोडतारांच्या खात्यात जाते. मग तार मध्यावर दुमडून तिचे दोन्ही पदर एकत्रच लाकडी किंवा बेकलाइटच्या रिळावर गुंडाळावेत. असे दुपदरी गुंडाळल्याने दोन पदरांतून विद्युतधारा उलटसुलट वाहते आणि कळ दाबताच गॅल्व्हॅनोमीटरचा (सूक्ष्म धारा दाखवणाऱ्या उपकरणाचा) काटा उगाच उसळत नाही. गुंडाळताना तार खेचू नये. ताणलेल्या तारेची लांबी वाढते, काटछेद घटतो, आणि आपण गुजरीत तोललेली तार व रिळावर बसलेली तार या दोन वेगळ्या तारा होतात.

बर्फ

हे काम पहिल्यांदा करणारे बहुतेक जण बर्फाकडेच सर्वांत कमी लक्ष देतात, आणि चूक तेथेच होते. तांब्याचे रीळ शून्य अंशाला ०.९४१ ओहम असेल, तर एप्रिलमध्ये ३५ अंशांच्या खोलीत तेच १.०८ ओहम दाखवते. सकाळच्या व दुपारच्या वाचनांत तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो. ‘खोलीचे तापमान’ म्हणून जे काही असते, त्यावर एकक उभे करता येत नाही. वितळता बर्फ मात्र बर्लिनमध्ये, शिकागोमध्ये आणि कोल्हापुरात सारखाच असतो. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहोत, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० अंशांच्या दोनेक अंश खालीच उकळते. पण बर्फाच्या वितळणबिंदूवर एवढ्या उंचीचा होणारा परिणाम मोजता येईल इतकाही नसतो.

बर्फ गोळ्याच्या गाडीवरून आणला तरी चालतो, मात्र त्याला मीठ किंवा सरबत लागलेले नसावे, कारण मिठाने वितळणबिंदू खाली जातो. तो स्वच्छ फडक्यात बांधून लाटण्याने बारीक कुटावा, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरावा आणि त्यावर आधीच थंड केलेले शुद्ध पाणी इतकेच ओतावे की फटी भरतील. नुसता कोरडा बर्फ घेऊ नये. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्या बऱ्याच खाली असतो आणि पाण्याशी मिसळून वितळू लागेपर्यंत तो शून्यावर येत नाही. रीळ पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आतली हवा दाबून काढून, पिशवीचे तोंड वर राहील असे बर्फात पुरावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. पिशवीऐवजी नळीत तेल भरून त्यात रीळ बुडवण्याची कल्पना चांगली आहे; फक्त ते खोबरेल असू नये, ते बर्फात काय होते हे घरोघरी थंडीत दिसतेच.

ब्रिजवर तुलना

बर्फातले तांब्याचे रीळ हे झाले आपले मूळ एकक, पण ते वापरायला अत्यंत गैरसोयीचे आहे. प्रत्येक वेळी बर्फ कोण आणणार? सीमेन्स यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. पाऱ्याच्या नळ्या प्रयोगशाळेत ठेवून रोजच्या कामासाठी त्यांच्याशी जुळवलेली जर्मन सिल्व्हरच्या तारेची रिळे वापरली जात. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, ज्यात नावापुरतीही चांदी नसते. आपल्याकडे ज्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात त्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांशीही त्याचा संबंध नाही. आपण त्याऐवजी युरेका तार घेऊ. तांबे व निकेल यांच्या या मिश्रधातूचा रोध तापमानाने जवळजवळ बदलत नाही. मँगॅनिन मिळाली तर ती अधिक चांगली. शेगडीच्या कॉइलची निक्रोम तार घेऊ नये, कारण तिला डाख धरत नाही आणि सांधा सैल राहिला की रोध दर दाबाला बदलतो.

प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात २२ गेजची युरेका तार मिळते. तिचा रोध मीटरला साधारण १.२३ ओहम असतो, म्हणजे एका एककासाठी सुमारे ७६ सेंटिमीटर तार लागेल. आपण मात्र ८० सेंटिमीटरपासून सुरुवात करावी. जास्तीची तार कापता येते, कमी पडलेली जोडता येत नाही.

मीटर ब्रिजच्या एका फटीत बर्फातले तांब्याचे रीळ आणि दुसऱ्या फटीत युरेका तार जोडावी. दोन्हीकडच्या जोडतारा सारख्याच जाडीच्या आणि सारख्याच लांबीच्या असाव्यात, म्हणजे त्यांचा रोध दोन्ही बाजूंनी सारखाच वाढतो आणि बरोबरी बिघडत नाही. सगळे पेच घट्ट आवळावेत, पितळी पट्ट्या पॉलिश पेपरने चकाकत्या कराव्यात. एक ओहमच्या आसपास काम करताना सैल पेचाचा रोध हा गंभीर भाग ठरतो. विद्युतघट एकच, दीड व्होल्टचा, पुरेसा आहे, आणि कळ वाचनापुरतीच, एक-दोन सेकंद दाबावी, नाहीतर ब्रिजची तार तापते. जॉकी, म्हणजे ब्रिजच्या तारेला स्पर्श करणारा धातूचा तुकडा, तारेवर टेकवावा, घासू नये. वर्षानुवर्षे घासून मध्यभागी बारीक झालेल्या तारा मी इतक्या पाहिल्या आहेत की त्याबाबत आता मी मुलांवर ओरडतोच.

शून्य-बिंदू म्हणजे गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर येतो ती ब्रिजच्या तारेवरची जागा; दोन्ही रोध सारखे असतील तर ती मध्यावर, ५० सेंटिमीटरला येते. सुरुवातीला युरेका तार लांब असल्यामुळे शून्य-बिंदू ५० सेंटिमीटरपासून सरकलेला दिसेल. ८० सेंटिमीटर तारेला हे सरकणे सुमारे बारा मिलिमीटर असते. मध्याजवळ एक मिलिमीटर सरकणे म्हणजे रोधात ०.४ टक्क्याचा फरक, आणि ७६ सेंटिमीटरच्या तारेत ०.४ टक्का म्हणजे तीन मिलिमीटर तार. म्हणून शून्य-बिंदू जितके मिलिमीटर सरकला असेल, त्याच्या तिप्पट मिलिमीटर तार कमी करायची आहे असे धरावे, आणि पहिल्या फेरीत त्याच्या निम्मीच कमी करावी. तार पेचाखाली पुढे सरकवत न्यावी. बरोबरी साधल्यावरच कापावी.

५० सेंटिमीटरवर शून्य आला की लगेच समाधान मानू नये. दोन रोधांच्या जागांची अदलाबदल करून पुन्हा वाचन घ्यावे. ब्रिजच्या टोकांचे रोध सारखे नसतील किंवा मोजपट्टी किंचित सरकलेली असेल, तर पहिल्या खेपेस शून्य ५०.२ ला आणि अदलाबदलीनंतरही ५०.२ लाच दिसेल. असे असेल तर रोध बरोबर आहेत आणि दोष ब्रिजचा आहे. त्याउलट शून्य एकदा ५०.२ आणि एकदा ४९.८ ला आला, तर फरक खरा आहे. त्यानंतर घटाची टोके उलटी करून तेच दोनदा करावे. युरेका आणि तांबे यांच्या सांध्यात दर अंश तापमानफरकाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. हात लावून सांधा गरम केला असेल, तर हा विद्युतदाब वाचनात डोकावतो. धारा उलटी केली तरी तो उलटत नाही, म्हणून दोन्ही वाचनांची सरासरी घेतली की तो निघून जातो.

बरोबरी पक्की झाल्यावर युरेका तार जोडतारांना डाख देऊन, दुपदरी करून, रिळावर गुंडाळावी, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक हात द्यावा, आणि आठवडाभर ठेवून बर्फातल्या तांब्याशी पुन्हा एकदा ताडून पाहावी. गुंडाळताना पडलेला ताण या काळात थोडा सैल होतो. साधा मल्टिमीटर या कामात निरुपयोगी आहे. त्याच्या दोन सळयांच्या तारांचाच रोध काही दशांश ओहम असतो आणि तो ०.९ व १.० यांत भेद करता करता थकतो. मल्टिमीटर वापरायचाच असेल, तर आपले रीळ आणि एक टक्का अचूकतेचा एक ओहमचा रोधक एकापुढे एक जोडून, त्यांतून ०.१ ॲम्पिअरच्या आसपास धारा सोडून, प्रत्येकावरचे मिलिव्होल्ट वेगवेगळे वाचावेत. आपल्या रिळावर ९४.१ आणि रोधकावर १००.० अशा प्रमाणात आकडे आले, तर सगळे जुळले. गुणोत्तर घेतल्यामुळे धारा नेमकी किती होती आणि मीटर किती खरा होता, हे दोन्ही प्रश्न आपोआप गळून पडतात.

माझ्या अनुभवात चांगले काम करणाऱ्या गटाचे उत्तर खऱ्या किमतीच्या एका टक्क्यात येते. त्यातला मोठा वाटा तांब्याच्या शुद्धतेचा असतो. लांबीतली पाच मिलिमीटरची चूक अर्ध्या दशांश टक्क्याची, आणि बर्फातली दशांश अंशाची चूक त्याहूनही कमी. तीन-चार टक्के चूक आली, तर दहापैकी नऊ वेळा एनॅमल नीट काढलेले नसते किंवा बर्फात अर्धा तास थांबलेले नसते.

जुने आकडे वाचताना

एखाद्या जुन्या ग्रंथात किंवा उपकरणावर सीमेन्स एककातला आकडा सापडला, तर तो १.०६३ ने भागला की ओहम मिळतात. १०० एकके म्हणजे ९४.१ ओहम. हा १.०६३ शिकागोच्या १०६.३ सेंटिमीटरमधूनच आला आहे, कारण आंतरराष्ट्रीय ओहम हा सीमेन्सचाच पाऱ्याचा स्तंभ होता, फक्त सहा सेंटिमीटर आणि तीन मिलिमीटरने लांब केलेला. ब्रिटिश असोसिएशनच्या १८६१ साली नेमलेल्या समितीने मीटर, ग्रॅम आणि सेकंद यांवरून ओहम काढला, पण त्यांचे माप सुमारे १.३ टक्क्यांनी कमी भरले. ती चूक आपल्या शाळकरी मीटर ब्रिजवरही तीन मिलिमीटरहून जास्त सरकण्याच्या रूपाने दिसली असती, हे लक्षात आले की मुलांना मोठी गंमत वाटते. राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले, त्याच्या पुढच्या वर्षी पॅरिसला विद्युत परिषद भरली, आणि १८८४ साली तेथेच १०६ सेंटिमीटरचा ‘कायदेशीर ओहम’ ठरला. म्हणून त्या दशकातल्या पुस्तकात नुसते ‘ओहम’ लिहिलेले असेल, तर तो ब्रिटिश असोसिएशनचा, की कायदेशीर, हे आधी पाहावे. १९४८ पासून पाऱ्याचा स्तंभ निवृत्त झाला. तेव्हा आंतरराष्ट्रीय ओहम आणि आजचा ओहम यांत दहा हजारांत पाच भागांचा फरक निघाला, म्हणून तंतोतंत भागाकार ०.९४०७ येत असला तरी मी वर ०.९४१ घेतला आहे.

एक गोंधळ मात्र आवर्जून टाळावा. आज ‘सीमेन्स’ हे नाव रोधाचे नसून वाहकतेचे, म्हणजे रोधाच्या व्यस्ताचे, एकक आहे. ते १९७१ साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले. शिरोळ भागातल्या खारपड जमिनीच्या माती परीक्षणात जे डेसीसीमेन्स प्रतिमीटर लिहिलेले असतात, ते हे नवे सीमेन्स. तेथे आकडा वाढला की मातीतले क्षार आणि त्यांतून वाहणारी वीज वाढलेली असते. जुन्या सीमेन्समध्ये आकडा वाढणे म्हणजे वीज वाहण्यास अडथळा वाढणे.

तयार झालेल्या रिळावर चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर ‘एक सीमेन्स पारद-एकक’ एवढेच न लिहिता, ०.९४१ ओहम हा आकडा, ज्या तांब्याशी जुळवले त्याचे मीटरला ग्रॅममधले वजन, लांबी, जुळवणीची तारीख आणि त्या वेळचे खोलीचे तापमान लिहावे. तांब्याचे रीळ मोडून टाकू नये. ते युरेकाच्या रिळाशेजारीच, कोरड्या डब्यात ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी नव्या तुकडीला बर्फ आणून दोघांची बरोबरी अजून टिकून आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहता येते.